उपवासाच्या डब्यांत निघालं रोजचं जेवण

साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, बटाटा, दाण्याचं कूट. मराठी घरात ही नावं एका दमात घेतली की समोरचा विचारतो, ‘आज काय, एकादशी?’ नाही हो! आज साधा बुधवार आहे आणि हे माझं रोजचं जेवण आहे! यात गहू नाही, कांदा नाही, लसूण नाही. माझ्या आतड्याला छळणाऱ्या ज्या ज्या गोष्टी टाळायला मला सांगितलं गेलं, त्यातल्या बहुतेक टाळूनच हा स्वयंपाक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. हे ध्यानात आल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय, आणि आता कागदावरही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, दुर्बिणीतून पाहिलं तर सगळं ठाकठीक दिसतं. पण पोटात कळ येते, ती शौचाच्या वेळांशी जोडलेली असते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि जेवून उठल्यावर पोट असं फुगतं की पॅन्टचं बटण लागत नाही. 2016 मध्ये आलेल्या ‘रोम 4’ निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी असं दुखणं असेल, तर डॉक्टर हे निदान करतात. यात आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू अशा आतड्याला खरोखर दुखवतो. ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे शांतपणे समजावून सांगायचं आहे.

माझ्या डॉक्टरांनी एक गोष्ट फार चांगली केली. गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची रक्ततपासणी करून घेतली. सीलिअॅक हा वेगळाच आजार. त्यात ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. गव्हाशी त्याचं नातं ओळखलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, पाव मिळत नव्हता, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती! 1950 च्या प्रबंधात त्याने ते मांडलं. सांगायचा मुद्दा असा, की तपासणीआधीच गहू सोडला तर सीलिअॅक असूनही रक्तात काही सापडत नाही अशी शक्यता असते. म्हणून तपासणी आधी, पथ्य नंतर. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

माझी तपासणी स्वच्छ आली. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, काही आठवडे गहू, कांदा, लसूण बंद करून बघू. पुण्यातल्या पोळी-भाजीच्या घरात हे ऐकणं म्हणजे पायाखालची फरशी सरकणं. डब्यात काय न्यायचं? नाश्त्याला उपमा नाही, शिरा नाही, शेवया नाहीत, कारण रवाही गव्हाचाच. भाजी कशाशी खायची? मग मी मोठ्या दुकानातल्या ‘ग्लुटेन-फ्री’ पाट्यांच्या मांडणीकडे वळलो. महागडी पाकिटं आणली, पाव आणले, बिस्किटं आणली. काहींनी बरं वाटलं आणि काहींनी पोट गव्हापेक्षाही जास्त फुगलं! असं कसं? ग्लुटेन तर नव्हतं!

इथून पुढे मी झपाटल्यासारखा वाचत गेलो. सगळी गंमत ग्लुटेनच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्याच पदार्थात आहे. त्याचं नाव फ्रुक्टान. फ्रुक्टोज साखरेच्या रेणूंची ही साखळी. ती तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच, कोणाच्याच नसतं. त्यामुळे ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. गव्हात फ्रुक्टान आहे. कांद्यात आहे, लसणात तर भरपूर! अशा आंबणाऱ्या लहान साखळ्यांच्या कर्बोदकांच्या सगळ्या गटाला मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2005 मध्ये फॉडमॅप असं नाव दिलं.

आणि पुढची कथा तर मी किती जणांना सांगितली असेल! 2011 मध्ये गिब्सन यांच्याच गटाने दाखवलं होतं, की सीलिअॅक नसलेल्या आयबीएसच्या रुग्णांनाही ग्लुटेनने त्रास होतो. तोच गट गप्प बसला नाही. 2013 मध्ये त्यांनी 37 जण घेऊन जास्त काटेकोर प्रयोग केला. आधी सगळ्यांचे फॉडमॅप कमी केले. सगळ्यांना बरं वाटलं. मग कोणाला काय दिलंय हे न सांगता कधी भरपूर ग्लुटेन, कधी थोडं, कधी अजिबात नाही. ग्लुटेनमुळे असा वेगळा फरक दिसलाच नाही! स्वतःचा निष्कर्ष स्वतःच पुन्हा तपासायचा आणि जे निघेल ते छापायचं. मला ही माणसं मनापासून आवडली. मग ऑस्लोच्या संशोधकांनी 59 जणांना तीन तऱ्हेच्या वड्या खाऊ घातल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. हे सगळे स्वतःहून गहू सोडलेले लोक, सीलिअॅक कोणालाच नाही. 2018 मध्ये छापून आलेला निकाल असा, की सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाला. ग्लुटेनची वडी कोऱ्या वडीहून वेगळी ठरली नाही.

हे वाचून मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. कारण आता सगळं जुळत होतं! गहू सोडून बरं का वाटतं, तर गव्हासोबत फ्रुक्टानही जातं म्हणून. आणि ग्लुटेन नसलेली ती बिस्किटं का छळतात? पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. सोयाचं पीठ, चिकोरीच्या मुळाचा तंतू, मध. हरभऱ्याचं बेसनही ग्लुटेनशिवायच असतं, पण त्यात डाळीच्या आंबणाऱ्या साखळ्या असतात. ‘पोळी सोडलीय, आता धिरडी खातो’ म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं पोट का बरं होत नव्हतं ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि मी त्यांना तिथल्या तिथे फोन केला. म्हणजे शोधायचं धान्य असं, ज्यात ग्लुटेनची चिंता नाही आणि फ्रुक्टानही फारसं नाही.

मोनॅशच्या यादीत खाद्यपदार्थांना हिरवा, पिवळा, लाल असे दिवे दिलेत. हिरव्यात काय काय दिसावं? तांदूळ. पोहे. बटाटा. आणि ज्वारी!

ज्वारी! आमच्या आत्याच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी! जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात आणि जी जमिनीत मुरलेल्या त्या ओलाव्यावरच वाढते. मी जे मेलबर्नच्या यादीत बोट ठेवून शोधत होतो, ते आत्याच्या कणगीत होतं. मी त्याच आठवड्यात तिला बोलावून घेतलं.

ती आली, ओट्याशी उभी राहिली, माझ्या पाकिटातल्या पिठात बोटं घातली आणि म्हणाली, ‘हे पीठ कवाचं रं?’

‘अगं आत्या, परवाच फोडलंय पाकीट.’

‘फोडलंस परवा. दळलंय कवा? ह्याची विरी गेलीया. ह्याची भाकरी चिरणारच बघ.’

आणि चिरलीच. मग तिने पिशवीतून स्वतः आणलेलं, आदल्या दिवशी दळलेलं पीठ काढलं. परातीत पीठ, मध्ये आळं, त्यात उकळतं आधण. आधी उलथन्याने ढवळायचं, जरा निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं. मी बघत होतो आणि डोक्यात एकेक दिवा पेटत होता. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नाही. मग भाकरीला कोण धरतं? ते उकळतं पाणी! आधणाने पिठातला स्टार्च शिजतो, चिकट होतो आणि तोच सगळं बांधून ठेवतो. परदेशातल्या ग्लुटेनविरहित पावात झँथन गम घालून जे काम करून घेतात, ते आत्या पातेलंभर उकळत्या पाण्यात करते!

मग उंडा, खाली पिठाची पखरण, आणि थापणं. कडेला दाब, मधे हलका हात, भाकरी परातीत आपोआप गोल फिरायला लागते. पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची, आणि मग थेट आचेवर. ती फुगली! पापुद्रा वर सुटला, आत वाफ! माझी पहिली फुगलेली भाकरी मी उभ्यानेच खाल्ली, लोणी लावून. (लोण्याची भीती नको, त्यात दुधातली साखर अगदी नाममात्र असते.) दोन तास वाट पाहिली. पोट शांत. संध्याकाळ झाली. पोट शांत!

आता माझं पीठ कधीच महिन्याचं नसतं. ज्वारी निवडून, थोडी थोडी गिरणीतून दळून आणतो. सीलिअॅक असलेल्यांसाठी इथे एक गोष्ट जिवाच्या मोलाची आहे. गिरणीत आधी गहू दळले असतील तर त्याचा अंश ज्वारीत येतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर पदार्थाला ग्लुटेनविरहित म्हणता येत नाही, इतका हा मामला बारीक आहे. त्यांनी घरच्या चक्कीवर दळावं. मला आयबीएस असल्याने तेवढ्या अंशाने काही होत नाही.

भाकरीने दुपार सुटली. पण नाश्ता? प्रवास? पाहुणे? तेव्हा आईने सहज म्हटलं, ‘अरे, त्या दिवशी शिवरात्रीला तू दिवसभर किती छान होतास.’ मी थबकलो. शिवरात्रीला मी काय खाल्लं होतं? वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. साबुदाण्याची खिचडी. बटाट्याची जिरं-मिरचीची भाजी. एकातही गहू नाही, एकातही कांदा-लसूण नाही, डाळ नाही, बेसन नाही! फडताळाच्या वरच्या खणातून उपवासाचे डबे खाली काढले आणि ओट्यावर रांगेत मांडले. माझं अख्खं पथ्य समोर उभं होतं, आणि तेही खमंग!

वरई सर्वांत आधी. देशावर आणि खानदेशात तिला भगर म्हणतात. तुपात जिरं, मिरची, वरई परतायची, दुप्पट-तिप्पट गरम पाणी, मीठ, झाकण. भाताहून लवकर होते. वरून आमसूल घातलेली दाण्याची आमटी. सकाळी सातला माझं हे जेवण तयार असतं. भगर मात्र बंद पाकिटातली, स्वच्छ घ्या आणि तिचं पीठ ताजंच वापरा. साठवणीत बुरशी धरलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात येत असतात.

साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. तंतू आणि प्रथिन जवळजवळ नाही, म्हणून दाण्याचं कूट सढळ हवं. तूप मात्र बेताचं, कारण जड स्निग्ध जेवणानेही हे आतडं खवळतं. शिंगाड्याच्या पिठाची मऊ लापशी आजारपणात काय उपयोगी पडली! राजगिऱ्याचं पीठ उकडलेल्या बटाट्यात मळून थालीपीठ लावतो. राजगिरा आणि रताळं यांचा हात मी आखडता ठेवतो. दोन्ही थोडे असले तर चालतात, पोटभर खाल्ले की फुगवतात. रताळ्यात मॅनिटॉल असतं, ते त्याचं कारण.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा बटाटा, ही मिरची, हा शेंगदाणा, रताळं, कसावा, राजगिरा, सगळ्यांचं मूळ घर अमेरिका खंडात! ही मंडळी समुद्र ओलांडून आली, आपल्या आज्या-पणज्यांनी ती उपवासात सामावून घेतली, आणि त्यातून जगातली एक सुंदर ग्लुटेनविरहित पाकशाळा उभी राहिली. पंढरपूरच्या वाटेवर एकादशीला हजारो माणसं हेच खाऊन चालतात.

कोकणाकडे वळलो तर आनंदाला भरतीच आली. तांदळाचं पीठ हे तर माझ्यासारख्यांना वरदान. तांदळाचा स्टार्च लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचतो, जिवाणूंसाठी फारसं काही उरत नाही. आणि त्या एका पिठाची कोकणाने किती रूपं केलीत! उकड काढून केलेली पांढरीशुभ्र भाकरी. बिडाच्या तव्यावरची जाळीदार घावनं, ज्यात पीठ, पाणी आणि मीठ एवढंच. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या. उकडीचे मोदक! मोदक माझ्या पथ्यात बसतात हे कळलं त्या दिवशी मी आईला पेढे भरवल्यासारखे मोदक भरवले. दडपे पोहे करतो ते कच्चा कांदा वगळून, खोबरं, कोथिंबीर, लिंबू यांवर.

पण चव? कांदा-लसणाविना रोजचं जेवण फिकं पडेल ही धास्ती मलाही होती. तिथेही विज्ञान मदतीला आलं. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही! लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतायच्या, सोनेरी झाल्या की सगळ्या निपटून काढायच्या आणि त्या तेलात फोडणी करायची. वास लसणाचा, त्रास नाही. पाणी घालण्याआधी पाकळ्या बाहेर निघायला हव्यात, एवढंच सांभाळायचं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, खालचा पांढरा नाही. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात कांदा-लसूण नसतोच. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल. वांग्याच्या भाजीला तो घातला की कोणाला कांद्याची आठवणही होत नाही. आणि हिंग! हिंगाने कांद्याची उणीव भरून निघते. पण डबी उलटी करून वाचा, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चिमूटभराने मला काही होत नाही, पण सीलिअॅकवाल्यांनी तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंगच घ्यावा.

हे कडक पथ्य जन्मभराचं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन ते सहा आठवडे झाले की एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणून बघायचा. कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही या साखळ्या लागतात, आणि प्रत्येकाची सहनशक्ती निराळी. हे आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली करावं. माझा निकाल असा आला, की जेवणात एक फुलका चालतो, दुसऱ्याने पोट बोलायला लागतं. भिजवून, पाणी फेकून शिजवलेल्या डाळीची वाटीभर आमटी चालते. कच्चा कांदा अजिबात नाही. ताकाचा पेला चालतो, आणि म्हणून ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाता येतात, वर लसणाच्या तेलाची फोडणी!

अजून किती तरी बाकी आहे. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या येता-जाता खायला डब्यात भरायच्या आहेत. नाचणीचं सत्त्व किती झेपतं ते बघायचं आहे. हिवाळ्यात आत्याच्या रानात हुरडा भाजतील तेव्हा कोवळ्या ज्वारीला माझं पोट काय म्हणतं तेही मला कळायला हवं. आणि येत्या रविवारी मालवणकडच्या शेजारीण काकू शिरवाळे शिकवणार आहेत. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे आणि त्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. ‘साचो दाबूक दोन माणसां व्हयी,’ काकू म्हणाल्या. मी त्यांना सांगितलंय, दाबायला मी येतोच, तांदूळही मीच दळून आणतो, तुम्ही फक्त नारळ किती लागतील ते कळवा.